मॉडर्न आर्ट कळत नाही, तरी म्युझियमला जाऊ का?

प्रश्न : माझी मुलगी मनिलाला मेडिकलला आहे, डिसेंबरात मी पहिल्यांदाच तिच्याकडं जाणार आहे. ती म्हणते, आई तुला मनिलाजवळच्या अँटिपोलोचं पिंटो आर्ट म्युझियम दाखवते, तिथं फिलिपिनो चित्रकारांचं आत्ताचं काम आहे. मला मॉडर्न आर्टमधलं ओ की ठो कळत नाही, त्यात गुडघे दुखतात. त्यापेक्षा मॉल आणि समुद्र बघून यावं का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, जाच. समुद्र आपल्याला रत्नागिरीलाही बघायला मिळतो, पण ही चित्रं इथं कुठं बघणार? आणि तुमची मुलगी डॉक्टर होणार म्हणून मुद्दाम सांगते, हे म्युझियम उभं केलंय एका डॉक्टरनीच. होवेन कुआनांग, मेंदूविकारतज्ज्ञ. १९८० च्या दशकात 'सालिंगपुसा' नावाचा तरुण चित्रकारांचा एक ग्रुप होता, हातात पैसा नाही, नाव नाही, या डॉक्टरनी त्यांना आपल्या घराची जागा दिली, त्यांची चित्रं घेतली आणि ते वाढत वाढत म्युझियम झालं. ग्रुपमधले एल्मर बोरलोंगान, मार्क हुस्तिनियानी आज तिथले मोठे चित्रकार आहेत. या मंडळींनी मिळून केलेलं 'कर्नाबल' नावाचं भलंमोठं चित्र तिथं आहे, त्याच्यासमोर निवांत बसा, गर्दीतला एकेक चेहरा बघत राहा.

कळण्याचं म्हणाल तर, यातली बरीच चित्रं माणसांचीच आहेत. बोरलोंगानची माणसं बघा, टक्कल, मोठे डोळे, लांबट हातपाय, पण कामावरनं दमून आलेली, रस्त्यावरची, साधी. अशी माणसं आपण मिरजेच्या स्टेशनवर रोज बघतोय की, मग त्यांच्याकडं बघायला वेगळं शिक्षण कशाला लागतंय? जे चित्र काहीच बोलत नाही ते सोडून पुढं जा, मी पण जाते. सगळं बघायचा हट्ट मात्र धरू नका, दहा चित्रं नीट बघितली तरी खूप झालं.

गुडघ्यांचं मात्र मनावर घ्या. जागा डोंगरउतारावर आहे, पांढऱ्या इमारती, मधे बाग, आणि एका गॅलरीतनं दुसरीकडं जायला चढउतार, पायऱ्या. सकाळी उघडल्याबरोबर जा, सोमवारी बंद असतं. मनिलाचं ट्रॅफिक पुण्यासारखंच बेकार, म्हणून तो अख्खा दिवस त्यालाच ठेवा. मुलीला स्टुडंट आयडी घ्यायला सांगा, तिकीट स्वस्त पडतं.

चालणं अगदीच झेपत नसेल तर मनिलातच नॅशनल म्युझियम ऑफ फाइन आर्ट्स आहे, प्रवेश फुकट. तिथं हुआन लूना या फिलिपिनो चित्रकाराचं 'स्पोलियारियम' बघा, रोमन आखाड्यात लढून मेलेल्या ग्लॅडिएटरांना फरफटत नेतायत असं चित्र, १८८४ ला माद्रिदच्या प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळालं, तेव्हा फिलिपिन्सवर स्पेनचंच राज्य होतं! आत्ताचं नाही ते, पण भिंत भरून आहे, सव्वाचार मीटर उंच.

आणि निघायच्या आधी एकदा औंधला जाऊन या, सातारा जिल्ह्यातच आहे. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेलं श्री भवानी संग्रहालय, त्यात रविवर्म्याची चित्रं आहेत. डोळ्यांना सवय होईल आणि मुलीला सांगायलाही काहीतरी असेल, कारण तिनं औंध बघितलं नसण्याचीच शक्यता जास्त.