सत्तरीच्या आईला घेऊन युरोपला जावं का? ग्रुप टूर बरी की आपलं आपण? आणि अशा प्रवासाने माणूस खरंच बदलतो का?

जा. ग्रुप टूरनेच जा आणि आईला घेऊनच जा.

तुम्ही प्रश्नात लिहिलंय, "थोरला भाऊ म्हणतो, आईला त्यातलं काय कळणार, उगीच तिचे हाल." एवढं वाचलं आणि निवडत होते ती मेथी बाजूला सारून लिहायला बसले. कारण हेच वाक्य आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून आमचे थोरले भाऊजी म्हणाले होते. त्यांची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, समोर पोळ्या लाटत होत्या तरी म्हणाले. म्हणजे आईला ऐकूही येत नाही असंच धरून चाललेले.

आम्ही कोल्हापूरचे, मंगळवार पेठेतले. ह्यांची शिरोलीला छोटी फौंड्री आहे, हिशेब मी बघते. सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणतो. आत्ती दर चैत्रात जोतिबाचा डोंगर पायऱ्यांनी चढतात, आणि घरात कुणाशी वाजलं की रंकाळ्याला अख्खी चक्कर मारून येतात. घरात गुडघे दुखतात ते भाऊजींचे. पण टूर ठरवली भाऊजींनी, पैसे भरायची तारीख काढली भाऊजींनी, त्यामुळे कुणाला काय झेपणार हेही तेच ठरवणार. मी म्हटलं, आत्ती येणार नसतील तर आम्हीही येत नाही. तेव्हा कुठे त्यांचा पासपोर्ट निघाला.

पॅरिस-स्वित्झर्लंडबद्दल फार सांगत नाही, तुम्हीही तेच बघणार आहात. आयफेल टॉवर सुंदरच आहे. मोनालिसा मी पुढच्या माणसाच्या मोबाईलमध्ये बघितली. युंगफ्राउयोखला गाडी 3454 मीटरवर नेऊन सोडते, हवा विरळ असते. तिथे गरगरून खाली बसले ते भाऊजी. आत्तींनी त्यांना लिंबाची गोळी दिली आणि बर्फ बघायला गेल्या. मी त्या वेळी काही बोलले नाही. आज लिहिते आहे.

मला सांगायचंय ते फ्लॉरेन्सचं.

मी राजाराम कॉलेजची. आम्हाला इतिहासाचे एक सर होते, ते हजेरी घेऊन झाली की हमखास विचारायचे, "ज्यांच्या नावाच्या कॉलेजात बसलाय ते राजाराम महाराज कुठं वारले?" निम्मा वर्ग सिंहगड म्हणायचा. सिंहगडावर 1700 साली गेले ते शिवाजी महाराजांचे चिरंजीव, ताराराणींचे यजमान. आणखी एक राजाराम महाराज म्हणजे शाहू महाराजांचे चिरंजीव. मधले जे आहेत त्यांचं नाव कोल्हापुरात रोज घेतलं जातं, पण ते कोण हे कुणाला माहीत नसतं. पाटणकरांच्या घरातून दत्तक आले, 1866 ला गादीवर बसले, 1870 साली युरोप बघायला गेले. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो असं मानायचा तो काळ. इंग्लंड बघितलं, रोजच्या रोज डायरी लिहिली आणि परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये आजारी पडून 30 नोव्हेंबर 1870 ला गेले. वय वर्षं वीस. डायरी पुढे 1872 ला लंडनमध्ये पुस्तक होऊन निघाली.

फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. दहन हा प्रकार तिथे कुणाच्या पाहण्यात नव्हता. सोबतच्या माणसांनी परवानगी मिळवली आणि आर्नो नदीला मुन्योने नावाची नदी जिथे मिळते तिथे, गावाबाहेरच्या काशिने नावाच्या बागेच्या पार टोकाला, आपल्या पद्धतीने अग्नी दिला. 1874 साली त्याच जागी छत्री, म्हणजे स्मारकाची घुमटी, उभी राहिली. आराखडा मेजर मँट यांचा, म्हणजे ज्यांनी आपला नवा राजवाडा आणि टाऊन हॉल आखला तेच. आतला अर्धपुतळा फुलर नावाच्या शिल्पकाराचा.

हे एवढं ज्या गावात आहे त्या गावात आपली टूर जाणार, आणि छापील कार्यक्रमात काय? "सिनोरिया चौक, डेव्हिडचा पुतळा, शॉपिंगसाठी मोकळा वेळ." त्या चौकातला डेव्हिड नक्कल आहे, अस्सल 1873 पासून अकादेमिया संग्रहालयात आत ठेवलाय. नकलेसमोर अख्ख्या ग्रुपचा फोटो झाला. मी टूर मॅनेजरला विचारलं, काशिनेला जायचंय, कसं जाऊ? पोरगा चांगला होता, पण म्हणाला, "ताई, ते आपल्या आयटिनररीत नाही. बस पाच वाजता सुटणार." भाऊजी लगेच पुढे. "पुतळाच बघायचा तर दसरा चौकात बघ की! त्याला इटलीपर्यंत यायला पाहिजे होय?" सगळे हसले. जाऊबाईही हसल्या.

आत्ती चौकातल्या पायरीवर बसून चप्पल झटकत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "आपला राजा हितं जळला, आन मी पर्सा बघत हिंडू व्हय? मी येतो. चल गं."

झालं. हे, मी, आत्ती आणि आमचं नववीतलं पोरगं निघालो. भाऊजी चामड्याच्या बाजारात गेले. तिथून आणलेलं जॅकेट अजून कपाटात आहे. कोल्हापूरच्या थंडीत ते घालायचं म्हणजे घामोळं यायचं.

आता तुमच्या उपयोगाचं. चौकातून स्टेशनपर्यंत पायी जाता येतं. स्टेशनजवळून टी-1 ट्राम मिळते, काशिने याच नावाचा स्टॉप आहे. तिकीट नुसतं काढून भागत नाही, चढल्यावर मशिनमध्ये पंच करायचं, नाहीतर तिकीट हातात असून दंड. हे पोरानं वाचून काढलं. घरात ज्याला पाण्याचा तांब्या कुठं आहे ते सापडत नाही त्यानं आम्हा चौघांची तिकिटं काढली, पंच केली आणि बापाला "हँडल धरा" म्हणून सांगितलं. हे मुकाट्यानं हँडल धरून उभे.

स्टॉपवर उतरलं की खरी चाल. बाग नदीकाठाने लांबलचक पसरलेली आहे आणि छत्री अगदी शेवटी, तीनेक किलोमीटरवर. मोठी झाडं, पळणारी माणसं, सायकली, मध्येच घोड्यांच्या शर्यतीचं मैदान. मोबाईलचा नकाशा एकदा डावीकडे दाखवी, एकदा उजवीकडे. आमच्या ह्यांना रस्ता विचारायचं जिवावर येतं. कागलला जायचं असलं तरी विचारणार नाहीत, चार गावं फिरतील. तिथे विचारण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. कुत्रं फिरवायला आलेली एक बाई होती, आत्तींच्याच वयाची. हे तिच्यापुढे उभे राहून म्हणाले, "राजाराम. राजाराम महाराजा. कोल्हापूर." बाई बघतच राहिली. मग ह्यांनी डोक्याभोवती हात फिरवून पगडी करून दाखवली. बाई एकदम फुलली. "आह, लिन्दियानो!" आणि सरळ नाकासमोर हात. तिथे त्या सगळ्या कोपऱ्याला त्याच नावाने ओळखतात. शेजारी आर्नोवर 1970 च्या दशकात तारांनी तोललेला मोठा पूल बांधला, त्याचंही नाव तेच. तेव्हा तुम्ही गेलात तर राजाराम-बिजाराम न म्हणता "इंदियानो" एवढंच विचारा.

बाई आमच्याबरोबर बरंच अंतर चालत आली. ती इटालियनमध्ये बोलत होती, आत्ती कोल्हापुरीत. मध्येच आत्तींनी तिला पिशवीतलं भडंग दिलं. तिनं खाल्लं, डोळ्यांत पाणी आलं, परत हात पुढे केला.

छत्री बघितली आणि आत्ती थांबल्या. पंचगंगेच्या घाटावर आपल्या राजघराण्याच्या छत्र्या आहेत ना, त्या बघत त्या वाढल्या. माहेर घाटाजवळच्याच ब्रह्मपुरीचं. त्यामुळे त्यांना कुणी काही सांगायची गरज पडली नाही. चपला काढल्या, पदर घेतला, बाटलीतलं पाणी हातावर घेऊन जमिनीवर सोडलं. महाराजांचा पुतळा रंगवलेला आहे, पगडी आणि गळ्यात दागिने. चेहरा अगदी कोवळा. पोरानं विचारलं, "हे माझ्यापेक्षा किती मोठे गं?" सोळाव्या वर्षी गादीवर बसले म्हटल्यावर गप्प झाला.

आत्तींना पुतळ्यापेक्षा संगम बघायचा होता. मुन्योने म्हणजे तशी लहानशीच, आपल्या जयंती नाल्याची जरा बऱ्या घरात पडलेली बहीण म्हणा. ती आर्नोला मिळते ती जागा आत्तींनी वाकून बघितली. म्हणाल्या, "परमुलूख. भाषा कळंना. कवळं पोर डोळ्यांदेखत गेलं. आन त्यातबी माणसांनी संगम हुडकून काढला." मग बराच वेळ कठड्यापाशी बसून राहिल्या. कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीच्या संगमावर त्यांच्या वडिलांच्या अस्थी त्यांनीच सोडल्या होत्या, हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला सांगितलं. भाऊ कुठं होता विचारलं तर म्हणाल्या, "व्हता की. रडत बसला व्हता."

आईला त्यातलं काय कळणार? भाऊजी, हे कळतं.

परत आलो तेव्हा बसला वेळ होता. कुणाला आमच्यासाठी खोळंबावं लागलं नाही. हेही लिहून ठेवते, कारण आजही घरात विषय निघाला की "तुमच्यामुळे बस सुटायची राहिली असती" असं ऐकवतात.

आता माणूस बदलतो का, हा तुमचा प्रश्न. दुसऱ्या दिवशी पिझ्झाच्या, आपलं ते पिसाच्या मनोऱ्यापाशी मॅनेजर सगळ्यांना मनोरा ढकलल्यासारखे हात करून उभं करत होता. आत्ती म्हणाल्या, "बाळा, मला ढकलायचा न्हाई. मी हितं गवतावर बसून बघतो, तू जा." मला घरात आल्यापासून "तुम्ही म्हणाल तसं" एवढंच म्हणणाऱ्या आत्ती माहीत. त्या दिवसापासून कुठे बसायचं, काय खायचं, कुठलं दुकान नको, सगळं स्वतः सांगायला लागल्या. घरी आल्यावर पेन्शनचं पासबुक भाऊजींकडून मागून घेतलं. त्यावरून महाभारत झालं, ते इथे नको. माझ्यापुरतं सांगायचं तर पूर्वी मी विचारायचे, "जाऊ का?" आता सांगते, "जाऊन येते." हे मात्र होते तसेच आहेत, अजून रस्ता विचारत नाहीत.

टूर कंपनीला शिव्या घालत नाही. बसच्या ड्रायव्हरला तिकडे कायद्यानं साडेचार तास चालवलं की पाऊण तास थांबावंच लागतं आणि दिवसाचे साधारण नऊच तास चालवता येतं, म्हणून पाच म्हणजे पाच. व्हिसाची कागदपत्रं, तीस हजार युरोचा विमा, हॉटेलं, जेवण हे सगळं त्यांच्या गळ्यात टाकून आपण मोकळं व्हावं. म्हणूनच म्हटलं, ग्रुपनेच जा. फक्त बुकिंगच्या आधी विचारा, मोकळा वेळ कुठे आणि किती. आणि तो वेळ दुकानात घालवू नका. त्या गावात तुमच्या आईला काय बघावंसं वाटेल ते जायच्या आधी तिलाच विचारा. भावाला विचारू नका.

तिखट-मिठाचं सांगते. बाहेरून युरोपात मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, म्हणजे पेढे, खवा, तूप घरी ठेवा. भडंग, शेंगदाण्याची चटणी, कांदा-लसूण मसाला खुशाल न्या. हॉटेलातल्या फिक्या सुपात चमचाभर मसाला टाकला की ग्रुपमध्ये तुमची पत वाढते.

काशिनेला तुम्हीही जाणार असाल तर दिवसाउजेडीच जा, अंधार पडल्यावर त्या बागेत बायकामाणसांनी थांबू नये. मंगळवारी सकाळी तिथे मोठा बाजार भरतो, ट्रामला गर्दी असते. आणि तुमच्या आईचे गुडघे खरोखरच दुखत असतील, तर स्टेशनवरून टॅक्सी करून थेट टोकाला उतरा, परतायला तीच थांबवून ठेवा. आत्ती चालल्या म्हणून सगळ्यांनी चालावं असं नाही. बीपीची, साखरेची औषधं चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत ठेवायची. डॉक्टर नको म्हणाले तर मात्र नको.

राहता राहिले भाऊजी. गेल्या महिन्यात एका लग्नात पंगतीत ते शेजारच्यांना सांगत होते, "आम्ही फ्लॉरेन्सला गेलो तेव्हा महाराजांच्या समाधीवर डोकं ठेवून आलो. काय सांगू, अंगावर काटा आला." आत्ती शेजारच्याच पाटावर होत्या. त्यांनी मठ्ठा मागितला. मीही वाढप्याला हाक मारून गप्प बसले. पण ते आता सगळ्यांनाच हे सांगत सुटलेत. तेव्हा तुम्हाला कोल्हापुरात कुणी जॅकेटवाले गृहस्थ भेटले आणि समाधीची गोष्ट सांगायला लागले, तर एवढंच विचारा की ट्रामचं तिकीट पंच कुठं करायचं.