हार्ड डिस्क दिसत नाही? आधी फॉरमॅटला हात लावू नका
घाबरू नका, पण घाईही करू नका. एक्स्टर्नल डिस्क दिसेनाशी झाली की बरेचदा दोष केबलचा किंवा कमी पडणाऱ्या विजेचा असतो. हब काढा, डिस्क थेट कॉम्प्युटरला लावा, केबल बदलून पाहा. केबल डेटाचीच हवी. काही केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतो, ३.० वाला ९००, त्यामुळे पोर्ट बदलल्यानेही काम होऊन जातं. साडेतीन इंची डिस्क असेल तर तिचा विजेचा अडॅप्टर तपासा.

आता कान लावा. एकसारखी घरघर येत असेल तर ठीक. ठराविक अंतराने टक-टक येत असेल तर तिथेच थांबा, डिस्क काढून ठेवा. हेड (डेटा वाचणारा-लिहिणारा भाग) बिघडलेलं असू शकतं, आणि डिस्क चालू ठेवाल तेवढी डेटा साठवणारी प्लेट खरवडण्याची भीती. फ्रीजरमध्ये ठेवायचा जुना उपाय तर अजिबात नको!

आवाज ठीक असेल तर विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंट उघडा. डिस्क आहे पण ड्राइव्ह लेटर (D:, E: असं अक्षर) नाही? लेटर द्या, झालं. ‘रॉ’ (म्हणजे विंडोजला डिस्कवरची फाइलींची रचना ओळखता येत नाही) दिसतंय किंवा फॉरमॅट करू का असं विचारतंय? नाही म्हणा. ‘इनिशियलाइज’लाही (डिस्क नव्याने तयार करायला) नाहीच. चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं टूल) लगेच चालवू नका. दुरुस्ती करताना ते डिस्कवर लिहितं, आणि होता तो डेटाही विस्कटू शकतो. आधी डीडीरेस्क्यूने (बिघडत्या डिस्कवरून डेटा उतरवणारं टूल) दुसऱ्या डिस्कवर पूर्ण इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, घ्या, मग टेस्टडिस्क (हरवलेली पार्टिशन शोधणारं टूल) वगैरे प्रयोग त्या इमेजवर करा.