गोचीड खुराड्यात शोधा, अंड्यात नाही

ताई, कोंबडीच्या पंखाखाली गोचिडाचे बारीक दाणे दिसले म्हणून तुम्ही अंडी उकिरड्यावर टाकलीत, हे ऐकून जीव हळहळला. ती अंडी खायला चालली असती. कोंबड्यांच्या गोचिडाने होणारा बोरेलिया नावाच्या जंतूचा ताप पाखरांचा आहे, माणसाला होत नाही. काँगो तापाची, म्हणजे गोचिडातून माणसाला होणाऱ्या विषाणूच्या गंभीर तापाची, भीती वाटत असेल, तर तो मुख्यतः गुराढोरांवरच्या गोचिडाने पसरतो. तरी खबरदारी म्हणून कुठलीही गोचीड नखाने चिरडू नका. चिमट्याने काढून साबणाच्या पाण्यात टाका. अंड्याची खरी काळजी साल्मोनेलाची, म्हणजे जुलाब-उलट्या करणाऱ्या जंतूची. विष्ठा लागलेलं अंडं वेगळं ठेवा आणि पिवळं घट्ट होईतो उकडा.

जपायचंय ते कोंबडीला. माझी एक तलंग अशीच गेली: तुरा पांढराफटक, शीट हिरवी, आणि मी आठवडाभर सोलापूरच्या उन्हालाच दोष देत बसले. ही गोचीड दिवसा लपते, रात्री रक्त पिते. जेवणं आटोपली की बॅटरी घेऊन खुराड्यात जा. बसायच्या दांडीच्या टोकाशी, दगडी भिंतीच्या सांध्यात तुरीच्या डाळीएवढे चपटे, तपकिरी किडे सापडतील. उपाशीपोटी ते महिनोन्महिने तग धरतात, त्यामुळे खुराडं नुसतं रिकामं ठेवून भागत नाही. दांड्या काढून उकळतं पाणी ओता, फटी सिमेंटने बुजवा. फवारणीचं औषध पशुवैद्यकाला विचारूनच घ्या, आणि त्यानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत तेही तिथंच विचारा.