ट्रायग्लिसराइड्स जास्त आलेत, तूप बंद करू का?

गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यात ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, 230 आले, म्हणजे आता शुगर होणारच का, आणि सासरचे म्हणतात तसं तूप सोडू का, असं विचारलंयत. तुपाचं नाव काढलंत म्हणून लिहायला बसले.

माझे तिसऱ्या महिन्यात 218 होते. ऑफिसच्या तपासणीत लिपिड प्रोफाइल होतं म्हणून कळलं, नाहीतर गरोदर बाईचं कोण बघतंय? संध्याकाळी आमच्या भांडुपच्या वन बीएचकेत रिपोर्ट वाचला गेला आणि सासूबाईंनी निकाल दिला, "माहेरून तुपाचा डबा येतो ना, त्याचं हे." डबा माळ्यावर गेला. त्याच सासूबाई सकाळी वाटीभर शिरा, दुपारी मोसंबीचा रस आणि रात्री साखर घातलेलं दूध पुढ्यात ठेवायच्या, बाळासाठी! जास्तीच्या साखरेची लिव्हर चरबी करतं आणि तीच ट्रायग्लिसराइड्स म्हणून रक्तात येते, हे मी सांगून पाहिलं. नवरा पेपरात डोकं घालून.

सव्विसाव्या आठवड्यात 75 ग्रॅम ग्लुकोजचं पाणी प्यायले. अर्ध्या तासात उलटी झाली तर चाचणी पुन्हा, म्हणून बाकावर डोळे मिटून बसले होते. दोन तासांनी रक्तातली साखर 164. त्या चाचणीत 140 किंवा वर गेलं की गरोदरपणातला मधुमेह धरतात. घरी नवं वाक्य तयार, "आमच्या घराण्यात नाही हो कुणाला शुगर." माझ्या आईला आहे, त्यामुळे रोख कुणावर ते कळलंच. मग ग्लुकोमीटर आणला. एकदा नणंदेने जेवणानंतर सासूबाईंचंही बोट टोचलं, तर 237! मशीनच खराब आहे, असं त्या अजून म्हणतात.

तर तुमचं. ट्रायग्लिसराइड्सचे आकडे गरोदरपणात सगळ्यांचेच चढतात, शेवटच्या तिमाहीपर्यंत दुप्पट-तिप्पट. ईस्ट्रोजेनमुळे लिव्हर जास्त चरबी रक्तात सोडतं. पण सुरुवातीलाच जास्त असतील तर पुढे शुगर निघण्याचं प्रमाण जास्त दिसतं, हेही खरं, कारण शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की दोन्ही वाढतात. त्यावरून शुगर ठरत नाही. शुगरची चाचणी झाली नसेल तर आत्ताच करा, नॉर्मल आली तरी 24 ते 28 आठवड्यांत परत. ग्लुकोज पिऊन दोन तासांनी एकदाच रक्त घेतात ती चाचणी असेल तर उपाशीपोटी लोकलचे धक्के खात जायची गरज नाही. तीन वेळा रक्त घेणार असतील तर मात्र उपाशी लागतं.

मी शिरा, रस, साखरेचं दूध बंद केलं, भात निम्मा केला आणि जेवणानंतर गच्चीवर फेऱ्या मारल्या. वरणभातावर चमचाभर तूप शेवटपर्यंत होतं. माझं इन्सुलिनशिवाय निभावलं. तुम्हाला लागलं तर घ्या, त्यात कमीपणा नाही.

हो, चमचाभर म्हणजे चमचाभरच, डिंकाच्या लाडवांना मी परवानगी देत नाहीये. ट्रायग्लिसराइड्सचा आकडा 500 च्या पुढे गेला तर माझं काही ऐकू नका, डॉक्टर गाठा, कारण हजाराच्या आसपास स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. आधीपासून कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर तेही आजच सांगा. शुगर निघालीच तर बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी परत तपासा. माझी तेव्हा नॉर्मल आली. सासूबाईंची अजून तपासायची आहे.