थिएटरला लागून हॉटेल बांधताना

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझी मेल मिळाली. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरजवळच्या नव्या हॉटेलच्या टीममध्ये तुला घेतलं, वाचून फार आनंद झाला. सोबतचा प्लॉटचा नकाशाही नीट पाहिला. पूर्वेच्या हद्दीला शंभरी ओलांडलेलं थिएटर आहे आणि नकाशावर कुणीतरी त्या बाजूला लाल शाईने 'अडचण' असं लिहून ठेवलंय. मी तिथूनच सुरुवात करतो. त्या थिएटरमुळेच तुमच्या खोल्या भरणार आहेत. माणसं ओहायोहून, टेक्सासहून, आपल्या न्यू जर्सीतल्या एडिसनहूनसुद्धा नाटक बघायला येतात आणि उशीर झाला म्हणून तिथेच मुक्काम करतात. टीममध्ये हे कुणीतरी पहिल्या बैठकीपासून बोलत राहिलं पाहिजे. ते तू बोलावंस.

या भागात 'नवं हॉटेल' म्हटलं की नाटकवाल्यांना 1982 आठवतं. ब्रॉडवेवर 45 व्या आणि 46 व्या रस्त्यांच्या मधल्या जागेत एक अवाढव्य हॉटेल यायचं होतं. त्यासाठी मोरोस्को, हेलन हेज, बिजू, ॲस्टर आणि गेटी अशी पाच जुनी नाट्यगृहं जाणार होती. नाट्यनिर्माते जोसेफ पॅप यांच्या पुढाकाराने नट, लेखक, दिग्दर्शक रस्त्यावर उतरले, कोर्टात गेले, अटक करवून घेतली. मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाडकामावरची स्थगिती उठवली आणि लगेच पाडकामाची यंत्रं चालू झाली. 1985 मध्ये तिथे मॅरियट मार्क्विस उभं राहिलं. जॉन पोर्टमन यांचं डिझाइन: आत डोळे दिपवणारं उंच अंगण, लॉबी थेट आठव्या मजल्यावर, आणि रस्त्याकडे पाठ. त्या काळी टाइम्स स्क्वेअरला संध्याकाळनंतर जायला लोक घाबरत, म्हणून पाहुण्याला रस्त्यापासून उचलून वर नेण्याची कल्पना निघाली असणार. कारण मी समजू शकतो, पण ते डिझाइन मला कधीच पटलं नाही. जिवंत रस्त्यावर एवढी मोठी पाठ फिरवली की तो फुटपाथ मरतो. पुढे तळमजला उघडा करायला, दुकानं रस्त्याकडे वळवायला पुन्हा पैसे ओतावे लागले.

त्या आंदोलनाने पाच थिएटरं वाचली नाहीत, पण बाकीची वाचली. शहराने 1982 मध्येच थिएटर विभागासाठी खास नियम आणले. पुढच्या काही वर्षांत जुन्या वास्तू जपणाऱ्या लँडमार्क्स आयोगाने एकामागून एक नाट्यगृहांना संरक्षण दिलं, बऱ्याच ठिकाणी आतल्या सभागृहालासुद्धा. मालक कोर्टात गेले आणि हरले. 1998 मध्ये आणखी एक शहाणपणाची तरतूद झाली. जुन्या थिएटरच्या डोक्यावरचा न वापरलेला बांधकामाचा हक्क, ज्याला सगळे एअर राइट्स म्हणतात, त्याच विभागात दूरच्या प्लॉटवरही विकता येऊ लागला. बदल्यात थिएटर थिएटरच राहील, त्याची निगा राखली जाईल, असं मालकाला लिहून द्यावं लागतं आणि व्यवहारातला काही भाग थिएटर निधीत जातो. तुमच्या प्रकल्पातले वरचे मजले अशाच हक्कांवर उभे राहणार असतील, तर ते कुठल्या थिएटरकडून आले हे शोधून काढ आणि तिथे एकदा नाटक बघून ये.

परवानग्यांचं वेळापत्रक फार आशावादी वाटलं. डिसेंबर 2021 पासून न्यूयॉर्कमध्ये नव्या हॉटेलला खास परवाना लागतो. म्हणजे कम्युनिटी बोर्ड (वस्तीचं सल्लागार मंडळ), बरो प्रेसिडेंट (शहराच्या त्या विभागाचा निवडून आलेला प्रमुख), नियोजन आयोग, नगर परिषद ही सगळी पायरीपायरीची जाहीर प्रक्रिया. तिथे शेजारच्या थिएटरचा मॅनेजर उठून तुमच्या विरोधात बोलला तर महिने जातात. तो तुमच्या बाजूने बोलावा असं वाटत असेल, तर त्याच्याशी पहिली भेट सुनावणीच्या आधीच्या आठवड्यात होऊन चालणार नाही.

आता बांधकामाकडे येतो, कारण माझं आयुष्य त्यात गेलंय आणि तुझ्या मेलमध्ये याबद्दल एक ओळसुद्धा नाही.

ब्रॉडवेची बहुतेक नाट्यगृहं 1900 ते 1930 च्या दरम्यानची. विटांच्या जाड भिंती, आत नाजूक प्लास्टरची नक्षी, मोठं छत. तू शेजारी तळघर खणणार, खाली मॅनहॅटनचा कठीण खडक फोडणार, कदाचित पलीकडे सबवेचा बोगदाही असेल. शहराचा नियम असा, की ऐतिहासिक वास्तूच्या 90 फुटांच्या आत काम असेल तर तिच्यावर सतत नजर ठेवणारी यंत्रणा बसवायची आणि कंपनाचा वेग सेकंदाला अर्ध्या इंचाच्या वर गेला तर काम थांबवायचं. कॉन्ट्रॅक्टर तुला सांगेल, 'आपण मर्यादेच्या खूप खाली आहोत.' खरंही असेल. पण ती मर्यादा भिंतीला तडा जाऊ नये म्हणून आहे. माणसाच्या अंगाला कंपन त्याच्या कितीतरी आधी जाणवतं. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या पायाखाली जमीन गुणगुणली की रंगमंचावरचा शांत प्रसंग गेलाच समज.

बुधवारची दुपार नीट डोळ्यांपुढे आण. आठवड्याला साधारण आठ प्रयोग होतात, त्यातले दोन-तीन दुपारचे, बहुधा बुधवारी आणि शनिवारी दोनच्या सुमारास, आणि बऱ्याच ठिकाणी रविवारीही. शहरात बांधकामाची नेहमीची वेळ सोमवार ते शुक्रवार सकाळी सात ते संध्याकाळी सहा. म्हणजे बुधवारी दुपारी कायद्याने तुझा खडकफोड्या चालू शकतो, आणि भिंतीपलीकडे हजारभर माणसं तिसऱ्या घंटेनंतरच्या अंधारात बसलेली असतात. हे टेंडरमध्येच लिहून घे: शेजारच्या थिएटरच्या प्रयोगाच्या वेळी खडक फोडणं, पाइल म्हणजे पायाचे खांब ठोकणं, काँक्रीट तोडणं बंद. तो वेळ कॉन्ट्रॅक्टरने आधीच हिशेबात धरला तर खर्च थोडा वाढतो. नंतर भांडून मागितला तर प्रत्येक तासाचं वेगळं बिल येतं. सोमवारी बऱ्याच नाट्यगृहांना सुट्टी असते; सगळ्यात आवाजाची कामं त्या दिवशी ठेवा.

दुसरी गोष्ट नकाशात दिसत नाही, फुटपाथवर उभं राहून बघावी लागते. ब्रॉडवेच्या बहुतेक जुन्या थिएटरांना माल उतरवायची स्वतंत्र जागाच नाही. नवं नाटक येतं तेव्हा ट्रक रस्त्याला लावतात, मागचं दार उघडतं, फळी लागते, आणि सेटचे तुकडे, दिव्यांच्या पेट्या, चाकांवरचे कपड्यांचे रॅक फुटपाथ ओलांडून आत जातात. रंगमंच कामगार एकमेकांना हाका मारत असतात, एक जण नुसता पादचाऱ्यांना थोपवायला उभा असतो. आता याच रस्त्यावर तुमची लाँड्रीची गाडी, भाजीपाल्याचा ट्रक, कचऱ्याची गाडी आणि पाहुण्यांच्या टॅक्सी आण. तुमच्या चित्रात मालाचं दार थिएटरच्या दारापासून जेमतेम एका ट्रकच्या अंतरावर आहे. ते हलवायलाच हवं, आणि आत्ता, कागदावर असताना. जुन्या थिएटरची आग लागल्यावर बाहेर पडायची दारंही अरुंद गल्लीत उघडतात. त्या गल्लीत बांधकाम चालू असताना एक पोतंसुद्धा ठेवायचं नाही. बांधकामासाठी फुटपाथवर घातलेली शेड थिएटरचं नाव झाकते का तेही बघ. नाव दिसलं नाही की ऐनवेळचं गिऱ्हाईक जातं.

पॅलेस थिएटरचं काम तू शिकताना ऐकलं असशील. 1913 चं सभागृह, सेव्हन्थ ॲव्हेन्यू आणि 47 व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर. त्याच्या आतल्या सजावटीला 1987 मध्ये संरक्षण मिळालं. पुढे 1990 च्या सुमारास त्याच्याभोवती आणि डोक्यावर एक हॉटेल आलं. ते बहुतेक हटवून नवी इमारत बांधताना अख्खं सभागृह, सुमारे 1 कोटी 40 लाख पौंड वजनाचं, हायड्रॉलिक जॅकवर 30 फूट वर उचललं. 2022 मध्ये हे उचलणं पूर्ण झालं, 2023 मध्ये हॉटेल सुरू झालं, 2024 मध्ये थिएटर. खाली काँक्रीटचं भक्कम कडं घालून, भार नव्या खांबांवर घेत, प्लास्टर न तडकता एवढं वजन वर नेणं म्हणजे आमच्या पिढीच्या इंजिनिअरांनी टोपी काढावी असं काम आहे. त्यामागचा हिशेबही समजून घे मात्र. थिएटर वर गेलं ते खाली ब्रॉडवेच्या पातळीवर दुकानांची जागा मोकळी व्हावी म्हणून. प्रेक्षक आता 47 व्या रस्त्यावरून आत शिरतो. थिएटर टिकलं याचा मला मनापासून आनंद आहे. त्याचा ब्रॉडवेवरचा दर्शनी तळमजला विक्रीला गेला याचं वाईटही वाटतं. दोन्ही खरं आहे. तुझ्यापुढे असा प्रस्ताव आला तर दोन्ही बाजू बोलून दाखव.

आतल्या मांडणीबद्दल थोडंच सांगतो. आठचा प्रयोग साडेदहाच्या आसपास सुटतो आणि तुमचे निम्मे पाहुणे एकदम परततात. लिफ्टचा हिशेब सकाळच्या गर्दीवर केलेला दिसतो, तो रात्री पावणेअकराच्या गर्दीवर पुन्हा करून घे. खोली सोडायची वेळ अकराची आणि नाटक दोनचं, म्हणून सामान ठेवायची खोली नकाशात दाखवलीय त्याच्या दुप्पट हवी. स्वयंपाकघराचे पंखे आणि जनरेटर थिएटरच्या भिंतीला लावू नका. चौकाकडच्या दर्शनी भागावर झगमगत्या जाहिराती लावणं इथे 1987 पासून सक्तीचं आहे, त्यामुळे झोपायच्या खोल्यांना प्रकाश पूर्ण अडवणारे पडदे आणि जाड काच लागेल. त्यात काटकसर करू देऊ नकोस.

आधी थिएटरच्या हाउस मॅनेजरला फोन कर आणि वर्षभराचं प्रयोगांचं वेळापत्रक माग. मग कंपन मोजायची यंत्रं त्यांच्या भिंतीवर कुठे बसवायची याचा नकाशा काढून मला पाठव. टेंडर निघायच्या आधी पाठव, म्हणजे दुरुस्त्या सुचवता येतील.

तुझा,
काका