मॅरेथॉनचे फोटो काढायला पहिल्यांदाच टीमसोबत येतोयस, तर आधी हे वाच

आदल्या रात्री बॅटऱ्या चार्ज करशीलच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे घड्याळ. सगळ्यांच्या कॅमेऱ्यातली वेळ सेकंदापर्यंत जुळलेली हवी. कुणाचा बिब, म्हणजे छातीवरचा नंबर, हाताआड गेला, तर तो धावपटू शोधायला मागच्या-पुढच्या फोटोंची वेळच कामी येते.

जागा टीमप्रमुख ठरवेल, ती सोडायची नाही. पलीकडे प्रकाश छान दिसतोय म्हणून सरकलास, की दोघांकडे तेच चेहरे आणि मधला टप्पा कोरा.

नाशिकच्या गंगापूर रोडवर उभा राहणार असशील तर दिशा बघ. सकाळी शहरातून गंगापूर गावाकडे जाणाऱ्यांच्या पाठीवर ऊन असतं, चेहरे काळवंडतात. तिथे एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, थोडं वाढव. परतणाऱ्यांच्या तोंडावर ऊन, म्हणून माझं मत विचारशील तर परतीचाच टप्पा माग. घामेजलेले असतात, पण फोटो झकास येतात.

शटर १/१००० सेकंदापेक्षा हळू नको, फोकस कंटिन्युअस, म्हणजे धावणाऱ्यासोबत सतत बदलणारा. गुडघ्यावर बस, बिब आणि दोन्ही पाय फ्रेममध्ये घे. प्रत्येकाचे तीन-चार फ्रेम पुरे. बर्स्ट, म्हणजे सलग फोटो काढत बटण दाबून धरलंस, तर नेमका घोळका आला की बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) भरतो आणि कॅमेरा गप्प. रॉ (प्रक्रिया न केलेली जड फाइल) नको, जेपीईजी चालेल, हजारो फोटो त्याच दिवशी लावायचे असतात.

आणि हो, पुढच्या दहाजणांचेच फोटो काढत बसू नकोस. शेवटून येणारे काकाच आपला फोटो आधी शोधतात.