कॉलेजच्या नाटकाच्या ग्रुपमध्ये सिनियर त्रास देतात: टेबलावर उभं करून घाणेरडी इंट्रो द्यायला लावतात, रात्री लेव्हल्स (स्टेजवरचे लाकडी चौथरे) उचलायला लावतात, स्वतःची जर्नलं लिहून घेतात, चहा-वडापावचा खर्च आमच्यावर टाकतात, पास आऊट झालेले दादाही येऊन हुकूम सोडतात. वर म्हणतात "तू स्वतःहून आलास". हे रॅगिंग धरतात का? तक्रार कुठे करायची?

हो, धरतात. आणि "स्वतःहून आलास" ह्याला कायद्यात काडीची किंमत नाही. मी इंजिनियरिंग कॉलेजात शिकवतो, अँटी रॅगिंग स्क्वॉडवर आहे, त्यामुळे हे पालुपद दरवर्षी कानावर येतं. हॉस्टेलला आम्ही रात्री-बेरात्री चक्कर मारतो पण नाटकाची तालीम, फेस्टची कमिटी, ढोलपथक इकडे कोणी फिरकत नाही, कारण तिथे पोरं हौसेने आलेली असतात आणि करंडक आला की प्रिन्सिपॉलपण खूश.

महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा 1999 चा आहे. त्यातली व्याख्या एकदा वाच. विद्यार्थी एरवी राजीखुशीने जे करणार नाही ते त्याला करायला सांगणं हेसुद्धा रॅगिंगच. नुसतं सांगणं, हात उचलायचीही गरज नाही. तू राजीखुशीने आलास ते नाटक करायला, टेबलावर उभं राहून घाणेरडी इंट्रो द्यायला नाही. आणि "संस्थेच्या आत किंवा बाहेर" असं त्यात स्पष्ट आहे, म्हणजे सिनियरच्या रूमवर झालं म्हणून कोणी सुटत नाही, आणि ते पास आऊट झालेले दादा तालमीला येऊन हुकूम सोडतात ना, तेही नाही.

आता तू लिहिलेल्या गोष्टी. लेव्हल्स उचलायला लावतात ह्यावर मी तुझ्या बाजूने नाही, सेट सगळ्यांनीच वाहायचा असतो, बॅकस्टेज केल्याशिवाय नाटक कळत पण नाही. पण बाकीचे खुर्चीत बसून हसतायत आणि फर्स्ट इयरची चार पोरं रात्री एक वाजता त्याच लेव्हल्स विंगेतून स्टेजवर आणि स्टेजवरून परत विंगेत नेतायत, हे काम नाही, हा छळ आहे. मी साधं बघतो, सिनियर स्वतः हात लावतो का आणि सर समोर असते तर असंच केलं असतं का. सिनियरची जर्नलं लिहून देणं आणि रोजच्या चहा-वडापावचा खर्च ज्युनियरच्या गळ्यात मारणं ह्यात तर वादच नको, यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2009 च्या नियमावलीत अभ्यासाची कामं करून घेणं आणि पैशाचा भुर्दंड दोन्ही रॅगिंगमध्येच मोडतं.

तक्रार लेखी कर. कोऑर्डिनेटर सरांना गाठून "सर जरा बोलायचं होतं" केलंस तर बहुतेक "आपसात मिटवा रे, स्पर्धा तोंडावर आहे" एवढंच ऐकायला मिळेल. अर्ज थेट प्राचार्यांच्या नावाने, दोन प्रती, ऑफिसात इनवर्ड करायच्या (म्हणजे आवक वहीत नोंदवायच्या) आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, इनवर्ड नंबर घ्यायचा. क्लार्क म्हणेल ठेवून जा, नंतर बघतो, तर हलायचं नाही. कारण अर्ज मिळाल्यापासून सात दिवसांत चौकशी करणं प्राचार्यांवर बंधनकारक आहे, प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर त्या मुलाला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवावी लागते, आणि काहीच केलं नाही तर त्यांनीच रॅगिंगला साथ दिली असं कायदा मानतो. पोच हातात असली की ऑफिसची भाषा बदलते, हे मी आत बसून बघितलंय 😄

अर्जात "मानसिक छळ होतो" एवढंच लिहू नकोस. तारीख, वेळ, जागा, कोण काय म्हणालं ते त्याच शब्दांत, शिवी असली तर शिवीसकट, आणि अजून कोण तिथे होतं. व्हॉट्सॲप ग्रुप रागाने सोडायच्या आधी चॅट एक्सपोर्ट करून ठेव, स्क्रीनशॉटमध्ये नंबर दिसला पाहिजे. तुला नाव द्यायची धास्ती असेल तर आईवडील किंवा एखादे शिक्षकही लेखी तक्रार देऊ शकतात. नाहीतर यूजीसीची हेल्पलाइन, 1800-180-5522, चोवीस तास, फोन फुकट, नाव गुप्त ठेवा म्हणून सांगता येतं. 2009 मध्ये हिमाचलच्या मेडिकल कॉलेजात अमन काचरू हा फर्स्ट इयरचा मुलगा सिनियरांच्या मारहाणीनंतर दगावला, त्यानंतर ही हेल्पलाइन आली.

शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड, आणि दोषी ठरला तर कॉलेजातून बाहेर, पुढची पाच वर्षं दुसरीकडेही ॲडमिशन नाही. म्हणूनच तक्रार गेल्यावर तेच सिनियर "अरे मस्करी होती यार" करत घरापर्यंत येतील. एकट्याने भेटू नकोस.

नाटकातून काढतील का, तर खोटं कशाला सांगू, ह्या वर्षीचा रोल जाऊ शकतो. म्हणून एकट्याचा अर्ज देण्यापेक्षा दोघातिघांनी मिळून सह्या करा, तिघांना एकदम काढायला सिनियरपण कचरतात, शिवाय नक्की कोणी केलं ते सापडलं नाही तर यूजीसीच्या नियमात सामूहिक शिक्षेचीही सोय आहे, मग एकमेकांना झाकणारे पटापट बोलायला लागतात.

आमच्याकडे थोडा फरक पडला तो पोस्टर लावून नाही. तालमीची परवानगी रात्री नऊपर्यंतच, हॉलची चावी वॉचमनकडे, माजी विद्यार्थी यायचा तर आधी नाव कळवायचं, आणि वर्गणीचा हिशोब सेकंड इयरच्या एका मुलीकडे, तो दर शनिवारी ग्रुपवर पडतो. पोरांनी नऊच्या वेळेवर फार कटकट केली, अजूनही करतात. तुमच्या कोऑर्डिनेटरकडे निदान चावीचं तरी मागून बघा, त्याला खर्च शून्य आहे.